झावळ्यांची राख

यंदा मोहाची फुलं माघातच पडायला लागली. फाल्गुन अजून वेशीपाशीही आला नव्हता. वऱ्हाड यायच्या आधीच पंगती उठाव्यात, तसं झालं. मी अंगणात खाट टाकून पडलो होतो. वाऱ्यावर तो वास आला, गोड, आंबूस, शिळ्या गुळासारखा. आणि लग्नघराच्या दारात न बोलावलेलं माणूस येऊन उभं राहावं तसा त्याच्या मागे धुराचा वास.

आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात हा जाळायचाच ऋतू. भाताचं रोप जिथं पेरायचं ती जमीन पाला, शेण, फांद्या पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. मोह वेचणारे झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात, म्हणजे काळ्या भुईवर फिकट फुलं लांबूनही दिसतात. होळी तर आहेच. आणि आमच्या ख्रिस्ती घरांचा राखेचा बुधवारही याच दिवसांत येतो. देव ज्याचे त्याचे वेगळे, काडेपेटी एकच.

मोह आणि धूर, हे दोन वास एकत्र आले की माझं कपाळ खाजतं. भुवयांच्या बरोबर मधोमध. मुरबाडच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं भिंगातून पाहिलं, म्हणाला, काही नाही तिथं, आणि मलम दिलं. मलमानं काय होणार? त्याच्या भिंगात मावत नाही म्हणून, नाहीतर तिथं एक अख्खा डोंगर आहे.

वाघुळ्या डोंगर. आमच्या पाड्याच्या डोक्यावरच बसलेला. मी लहान होतो तेव्हा त्यावर रान इतकं दाट, की वाघाला माघारी वळायचं झालं तर त्याला खाली उतरून आमच्या अंगणात येऊन वळावं लागे. आई म्हणायची, "सावकाश रे बाबा, तुळईला शेपूट लागंल." आषाढात पानांवर पडलेला पाऊस जमिनीवर पोचेपर्यंत श्रावण उजाडायचा. आणि डोंगराच्या कमरेला एक झिरा होता. कातळाच्या फटीतून बोटाएवढी धार, खाली हंडा बुडेल एवढा खळगा. ती धार वैशाखातही तुटायची नाही. पाणी इतकं गार की हंडा डोक्यावर घेऊन बाई पाड्यात शिरली, की वाटेतले लोक शाल शोधायला घरात पळायचे.

मुरबाड आगारात मी कंडक्टर होतो. घाटातल्या शेवटच्या गाडीत लोकांना झोप येऊ नये म्हणून असल्या गोष्टी सांगायचो. पण इथं एक गंमत झाली आहे. गंमत कसली, भूतचेष्टाच म्हणा. शाल आणि वाघाची शेपटी पाड्यातल्या पोरांना आवडते, त्यावर ती हसतात, आणखी सांगा म्हणतात. पण मी म्हटलं, त्या डोंगरावर धनेश होते, चोचीवर चोच असलेला हातभर लांब पक्षी, उडाला की घरात बसल्या पंखांचा आवाज यायचा, तर पोरं एकमेकांकडे बघतात. "आजोबा, फेका आता." वैशाखात झिऱ्याला पाणी होतं म्हटलं, तर, "हो का? आणि त्यात मासे पण होते काय?" होते रे. मासे पण होते. माझ्या थापा पोरांना खऱ्या वाटतात, आणि जे खरं होतं तेच थाप होऊन बसलं. डोंगरानं माघार घेतली आणि मला एकट्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

तर त्या वर्षाचं सांगतो. मी नोकरीला नवा लागलेला. राखेचा बुधवार त्या साली उशिरा होता, उन्हं चांगलीच तापली होती.

आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. देऊळ म्हणजे चार भिंती, वर कौलं, आणि घंटेच्या जागी दोरीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो आटगावच्या बाजूनं कुणी, कसा आणला, हे देवाला ठाऊक आहे आणि त्यानं आजवर तक्रार केलेली नाही. देवळाची चावी, दिवे, कापडं, सगळं मार्थामावशीकडे. ती माझी सख्खी मावशी नव्हे. पाड्यातल्या सगळ्यांचीच मावशी. अंगानं काटकी, आवाजानं रूळ. तिनं एकदा "योहान्या!" म्हणून हाक मारली की मी मुरबाड स्टँडवरून पाड्याकडे बघायचो.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी झावळ्या हातात घेऊन मिरवणूक काढायची आमची रीत. नारळ आमच्याकडे नाही, शिंदी आहे. मग शिंदीच्या झावळ्या. फादरांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं की घरोघरी क्रुसामागे खोचायच्या. वर्षभर तिथंच वाळायच्या. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी सगळ्या घरांतून गोळा करायच्या, देवळासमोर जाळायच्या, राख फडक्यातून चाळायची. तीच दुसऱ्या दिवशी कपाळाला. तू मातीचा आहेस बाबा, माज करू नकोस, एवढंच तिचं म्हणणं.

आता चाळून उरलेली राख, अर्धवट जळलेले दांडे, यांचं काय करायचं? तुमच्या घरची राख असती तर उकिरड्यावर गेली असती. पण ही पवित्र वस्तू. तिच्यावर कुणाचा पाय पडता कामा नये, कोंबडीनं उकरता कामा नये. मार्थामावशीला या बाबतीत कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं उरलेली राख घमेल्यात भरली, वर पळसाची पानं झाकली, आणि पाड्याच्या वर, डोंगराला जिथं सुरुवात होते तिथल्या जुन्या मोहाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. घमेलं पालथं घातलं, हात जोडले, खाली आली. त्या जागी माणसाचा पाय पडत नव्हता. म्हणूनच तिथला पाचोळा गुडघाभर होता.

शिंदीचा दांडा मोठा लबाड. वरून राखेचं पांघरूण घेऊन झोपल्याचं सोंग करतो आणि आत लाल डोळा उघडा ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही देवळात. फादर, वसईकडचे, म्हातारे, मंद आवाजाचे. त्यांनी एकेकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. सगळे जागेवर बसले. गाणं सुरू झालं. आणि वरून, कौलांच्या फटींतून, राख पडायला लागली. हलकी, करडी, पिसासारखी. वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर, फादरांच्या खांद्यावर, गाण्याच्या उघड्या तोंडात. मला तर क्षणभर वाटलं, आज प्रार्थनेचं उत्तर जरा जास्तच तातडीनं आलं. मग बाहेरून कुणीतरी रूळ बडवायला लागलं.

वाघुळ्या पेटला होता.

आम्ही तसेच धावलो. कपाळावर क्रूस घेऊन. जांभळीच्या ओल्या फांद्या तोडल्या आणि झोडपत सुटलो. शेजारच्या कातकरी वाडीतला लखू, मोह वेचणारा, तोही आपली माणसं घेऊन आला. घाम फुटला तशी कपाळावरची राख ओघळून डोळ्यांत गेली. डोळे पुसायला हात वर करावा तर हातही काळा. संध्याकाळपर्यंत देवाची राख कुठली आणि डोंगराची कुठली, कुणाला सांगता येईना. डोंगर किती दिवस जळला ते मला विचारू नका, मी सांगितलं तर त्याचा आठवडा होईल, आणि आठवडाही कदाचित कमीच असेल. आग विझली तेव्हा ती आम्ही विझवली नव्हती. जाळायला काही उरलं नव्हतं म्हणून ती गेली.

मग जी शांतता आली, ती मी अजून ऐकतो.

तुम्हाला वाटतं रान गप्प असतं. नाही हो. रान सतत काहीतरी पुटपुटत असतं, म्हातारीसारखं. ते पुटपुटणं थांबलं की कळतं. रातकिडा नाही, पान नाही. पायाखाली कुरकुर वाजायचं, आणि खाली बघावं तर सापाच्या हाडांची नुसती माळ, मणीच मणी. कासव उलथं पडलेलं, हंडी भाजून ठेवावी तसं.

आणि तो धनेश. हे मात्र फुगवून सांगत नाही, यात फुगवायला जागाच नाही. या पक्ष्याची मादी पिलांच्या दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते. चिखला-विष्ठेनं दार लिंपून टाकते, चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. झिऱ्याजवळच्या बेहड्यात त्यांची ढोली होती. बेहडा उभाच्या उभा कोळसा झाला. मी आणि लखू तिथं उभे असताना नर आला. पंखांचा तो आवाज, जणू कुणी जुनं सतरंजीचं बाड झटकतंय. चोचीत लालभडक उंबर. ढोलीशी बसला, फटीत चोच घातली, थांबला. उंबर खाली पडलं. उडून गेला. परत आला, नवं उंबर घेऊन. परत थांबला.

लखू म्हणाला, "चल इथून. मना नाय बघवत."

पुढे बरेच दिवस गाडी फाट्यावर वळताना मला तो पंखांचा आवाज यायचा. ड्रायव्हरला म्हणायचो, थांब, कुणीतरी हात करतंय. तो ब्रेक मारायचा. रस्त्यावर कुणी नसायचं.

वैशाखात झिरा आटला. पहिल्यांदा. आमच्या पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही झिरा आटलेला ठाऊक नव्हता. कातळाची फट तशीच, ओठ उघडे राहिलेल्या मेलेल्या माणसासारखी. बायका रिकामे हंडे घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. आग पाला खाऊन गेली होती. पाला नाही म्हणजे मुरलेल्या पाण्यावर पांघरूण नाही. उघडी पडलेली माती उन्हानं फुटून गेलेली. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की कुणीतरी गेलं.

आणि लोकांनी काय म्हणावं? लखूनं जाळला. दुसरं कोण? मोह वेचणारे जाळतातच. आमच्या देवळाच्या पायरीवर बसूनच हे बोलणं चालायचं. लखू रस्त्यात दिसला की पोरं "वणव्या, वणव्या" म्हणून ओरडायची. तो म्हणायचा, "मी जालतो रे, पन एका झाडाखाली जालतो आनि हुबा ऱ्हातो. ही आग कुनी टाकून गेलेली हाय." कोण ऐकणार?

एका रविवारी फादरांचं प्रवचन संपलं तशी मार्थामावशी मागच्या चटईवरून उठली. हातात चावीचा जुडगा होता. तो तिनं वेदीच्या पायरीवर ठेवला.

"डोंगर लखूनी नाय जालला," ती म्हणाली. "मी जालला. घमेल्यातली राख निवली असं वाटला मना. हात घालून पाह्यला नाय."

फादर खाली उतरले. म्हणाले, "मार्था, तू ते भक्तीनं केलंस. देव मन बघतो."

"देव मन बघतो, फादर. पन आग मन नाय बघत."

फादर मोठे सज्जन. त्यांनी चावी उचलून परत तिच्या हातात दिली आणि प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना सांगितल्या. तिनं त्या म्हटल्या. मग ती लखूच्या झोपडीवर गेली. तिथं काय बोलणं झालं मला सांगायला आवडेल, आणि मी सांगितलंही आहे, दर वेळी वेगवेगळं. खरं म्हणजे मी तिथं नव्हतो. एवढं ठाऊक आहे की पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लागल्यावर ती घरी गेलीच नाही. करवंदीच्या काटक्यांचा झाडू बांधून डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि पाचोळा झाडायला लागली. बैलगाडी जाईल एवढा पट्टा, डोंगराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत. वरची आग खाली येऊ नये, खालची वर जाऊ नये. पाड्यातली माणसं हसली. "घरचं अंगन सोडून ही डोंगर झाडाय लागली!" थोड्या वेळानं लखू आला, तिच्या हातातला झाडू बघितला, म्हणाला, "बाय, ह्यानी तू ईस्टरपर्यंत झाडशील," आणि स्वतःचा दिला.

तेव्हापासून दर वर्षी. राखेचा बुधवार म्हणजे आमच्याकडे आधी कपाळ, मग डोंगर. लखू गेला, त्याच्या वाडीतले अजून कुणी ना कुणी येतात. मी कधी ड्युटीचं निमित्त सांगून चुकवलं, कधी गेलो. मावशीनं एकदाही चुकवलं नाही. तिचा एकच हेका: डोळे मिटायच्या आत वैशाखात त्या फटीतून धार पडलेली बघायची. "मी पानी मारला. ते उठलेला बघून मंग मी मरन."

आमच्या शेजारच्या वाड्यांतले लोक वाघदेवाच्या राईतली काडी मोडत नाहीत. भीतीनं म्हणा, मानानं म्हणा. त्यांची राई आजही काळोखी आहे, आत शिरलं की मान आपोआप खाली जाते. ख्रिस्ती झाल्यावर आमच्या लोकांची ती भीती गेली. बरं झालं, भीतीनं कुणाचं भलं होत नाही. पण भीती उठून गेली त्या जागी कुणीतरी येऊन बसायला हवं होतं ना? प्रेम यायचं होतं. ते आलं नाही, वाटेत कुठंतरी गप्पा मारत बसलं. जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागी पाचोळा साचतो.

पहिल्या माणसाला देवानं बागेत ठेवलं ते काय नुसती फळं खाऊन ढेकर द्यायला? मशागतीला आणि राखणीला ठेवलं. हे आमच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. पण पाठ असणं आणि अंगात असणं यात मुरबाड ते कल्याण एवढं अंतर आहे, आणि मध्ये गाडी बंद पडलेली. चिमणी भुईवर पडली तरी आमच्या देवाला कळतं, असा आमचा विश्वास. मग त्या ढोलीत जी चिणून बसली होती, तिचंही त्याला कळलं असणार. मला त्याच्याबद्दल शंका नाही. रात्री उलटसुलट होतो तो दुसऱ्याच प्रश्नानं: ज्यांच्या कपाळावर त्याची खूण होती, ती माणसं कुठं होती?

मावशीचा भाचा बेंजामिन. आसनगावच्या बाजूला कंपनीत जातो, मोटारसायकल उडवतो, रविवारी प्रवचनही बरं करतो. एकदा पाचोळा झाडायच्या दिवशी तो हात खिशात घालून म्हणाला, "मावशी, कशाला जिवाला त्रास? आपलं खरं घर वर आहे. हे जग शेवटी जळून जाणारच आहे, लिहिलेलंच आहे तसं."

मावशी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "जग जलायचा आसंल तर देव जालील, त्याचा तो बघून घेईल. तुला काडी कुनी दिली?"

बेंजामिननं खिशातून हात काढले.

आता टीव्हीवर रोज सांगतात, जगाचं हवामान फिरलं. मोठमोठ्या देशांच्या धुराड्यांनी फिरलं. खरंच आहे ते. आमच्या पाड्यानं वाघुळ्या जाळला हे कबूल, पण फेब्रुवारीत मे महिना काही आम्ही आणून ठेवला नाही. दिवाळी उलटून गेल्यावर कापलेल्या भातावर पाऊस कोसळतो, आंब्याचा मोहर काळा पडतो, हे आमच्या घमेल्यातून सांडलेलं नाही. शहापूरकडे तानसाचं तळं भरून पाणी मुंबईला जातं आणि आमच्या बायका उन्हाळाभर टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसतात, हाही काही आमचा बेत नव्हता. हे सगळं मी मावशीला तावातावानं सांगतो. ती ऐकून घेते, मग म्हणते, "मुंबईच्या मानसांनी पन पानी प्यावा बाबा. त्यांनाबी घसा हाय. आपला झाडून झाला काय?"

तिथं माझा ताव उतरतो. कारण विचार करा, ज्यानं त्यानं आपापलं घमेलं कुठंतरी नेऊन पालथं घातलंच आहे. कुणी धंदा म्हणून, कुणी प्रगती म्हणून, कुणी पोराबाळांच्या सुखासाठी, आणि आमच्यासारख्यांनी हात जोडून, पवित्र म्हणून. वाईट करायला कुणीच निघालं नव्हतं. आपली राख निवलेली आहे अशी सगळ्यांची खात्री. म्हणून तर मला भीती वाटते. लबाड माणसाला पकडता येतं, मी स्वतः लबाड आहे, मला ठाऊक आहे. पण स्वच्छ मनानं आग लावून घरी जेवायला बसलेल्या माणसाला कोण पकडणार? आमचा येशू सुताराच्या घरचा. लाकडाला हात लावणाऱ्या माणसाला झाड काय असतं हे कुणी सांगावं लागत नाही. आम्ही त्याच्या नावानं गाणी म्हटली आणि त्याच्या बापाच्या बागेत निखारे ठेवून आलो.

यंदा राखेच्या बुधवारी देवळात म्हाताऱ्या खोकल्यांचाच आवाज जास्त. तरणी माणसं कल्याणला, भिवंडीला, कामावर. मावशीच्या डोळ्यांतलं उरलंसुरलं उजेडाचं पाणीही मागच्या पावसात आटलं. आता तिला काही दिसत नाही. तिचं वय कुणी विचारलं तर म्हणते, डोंगर हिरवा होता तेव्हा माझा लगीन झाला. तिला मी एक बातमी दिली होती. गेल्या वैशाखात झिऱ्यापाशी गेलो होतो. धार नव्हती. पण खळग्याच्या तळाशी वाळू ओली होती, आणि ओल्या वाळूत कुठल्याशा जनावराच्या पंजाचा ठसा. इतक्या वर्षांच्या झाडणीनंतर वरचा पाचोळा न जळता कुजायला लागला होता, बेहड्याची चार पोरं माणसाच्या खांद्याला लागली होती. मावशीनं मला ती वाळू पुन्हा पुन्हा सांगायला लावली. बोट घातलास? किती वर ओला झाला? खोटा नाय ना बोलत? मी नखापर्यंत ओलं झालं होतं ते दुसऱ्या पेरापर्यंत सांगितलं. एवढी सूट मला देवही देईल.

म्हणून यंदा तिनं हट्ट धरला: मला वर न्या. बेंजामिननं रजा टाकली होती. देवळातली प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर मावशी, एका बाजूनं बेंजामिन, दुसऱ्या बाजूनं मी. तिचं वजन आता पिसाएवढं, पण जीभ होती तेवढ्याच वजनाची. "हळू रे, गाय बाजाराला चाललीय काय?" झाडायच्या पट्ट्याच्या कडेला, सावलीत तिला बसवलं. ती डोंगराकडे तोंड करून बसली. आम्ही झाडत होतो, पाचोळा वाजत होता, आणि त्या आवाजावरून ती ओरडायची, "तो कोपरा ऱ्हायला!" राहिलेला असायचा.

दुपार कलली. मी दम खायला तिच्याशेजारी टेकलो. म्हटलं, "मावशी, झिऱ्यावर मोर आलेत. एवढे आलेत की पाण्याला रांग लागलीय, पुढचा मागच्याला पिसारा मिट म्हणतोय."

ती हसली. मग हसता हसता थांबली. नाकपुड्या हलल्या.

"वारा कुठून?"

"घाटाकडून."

"हा राब नाय. बांबू जलतो."

मी उठून पाहिलं. डोंगराच्या माथ्यामागून, पलीकडच्या अंगानं, धुराची एक काडी वर चढत होती. बघता बघता तिचं मनगट झालं. आयुष्यभर लहानाचं मोठं करून सांगितलं. त्या क्षणी पहिल्यांदा मोठ्याचं लहान केलं. "लांब आहे गो. कुणाची चूल असेल."

"चुलीत बांबूचा बेट कोन घालतो? जा."

आग माथ्यावरून अलीकडे उतरली तेव्हा सूर्य बुडायला आला होता. तिचा आवाज आधी आला, गुरं पाण्याला धावावीत तसा. आम्ही झिऱ्याच्या वर एक नवा पट्टा काढायला घेतला होता. बेंजामिन, लखूच्या वाडीतली माणसं, मी. काही जागी हातांनीच पाला ओढला. आग आली, आणि पट्ट्यापाशी उभी राहिली. कुंपणापाशी जनावर उभं राहतं तशी. इकडून तिकडे फिरली, जागा शोधली, आमच्याकडे बघितलं. मी खोटं बोलत नाही, तिनं बघितलं. मग हळूहळू बसली. वरचा सगळा माथा काळा. खाली बेहड्याची चार पोरं उभी, पानं करपलेली, पण उभी. वाळू ओली होती. मी बोट घातलं, नखापर्यंत.

आमच्या अंगात त्राण नव्हतं. एकेक करून सगळे खाली उतरलो. मावशी खुर्चीत तशीच होती, डोंगराकडे तोंड करून. तिच्या मांडीवर, पदरावर, पांढऱ्या केसांवर राख पडलेली. तिनं झटकली नव्हती.

"झिरा?" तिनं विचारलं.

"आहे मावशी. वाचला. बेहडेपण वाचले."

तिनं मान हलवली. मग आमच्या पावलांचे आवाज एकेक ऐकत राहिली. बेंजामिन, वाडीतली माणसं, मी. सगळे मोजून झाले.

"सगले खाली आले?"

"हो."

"मंग तिथं कोन हाय?"

वर, काळोखात, माथ्यावर कुठं कुठं लाल ठिपके उघडत होते, मिटत होते. मी झाडू उचलला आणि परत चढायला लागलो. मागून बेंजामिनच्या चपलांचा आवाज येत होता.